शेजारच्या विहिरीचा रकाना



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यातली निवांत संध्याकाळ असणार. आपल्याकडे वैशाखात निवांतपणा नसतो, टँकर असतो. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला फोनवरच बजावलं होतं, "साहेब, भाषण रंगात आलं आणि मागच्या चार रांगा एकदम उठल्या तर वाईट वाटून घेऊ नका. टँकर आलेला असतो." मी म्हटलं, माझी सगळी नोकरी जमिनीखालचं पाणी शोधण्यात गेली. मी इतकं शोधूनही तुमच्याकडे टँकर येतोय, तर वाईट तुम्हाला वाटायला हवं, मला कशाला!

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही चार शीर्षकं सगळ्याच शाळांत असत. सरांच्या वर्गात पाचवं होतं: 'पाहायचं काय राहिलं'. त्याला परीक्षेत गुण नसत, म्हणून आम्ही तिथं काहीबाही खरडत असू. 'खिडकी उघडी होती', 'चंचुपात्र नीट पुसलं नव्हतं'. एकानं तर 'भूक लागली होती' असं लिहिलं, आणि सरांनी त्यावरही बरोबरची खूण केली. आज मी जे बोलणार आहे ते त्या पाचव्या शीर्षकाखालचं आहे. तिथं लिहायला मला फार उशीर झाला.

आधी आपल्या पायांखाली काय आहे ते बघू. महाराष्ट्राचा पाचातले चार हिस्से भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. घाटात एसटी वळण घेते तेव्हा समोरच्या कड्यात ज्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. दख्खन ट्रॅप या नावातला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. विहीर खोदणाऱ्या वडारी मंडळींना हे स्वीडिश कुणी शिकवलेलं नव्हतं, पण थरांची बाराखडी त्यांना तोंडपाठ. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, ज्यात जुन्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पांढरे स्फटिक भरलेले असतात, मग काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं गेरूसारखी तांबडी पट्टी. मुरमाला पाझर फुटतो, मांजऱ्यात बरं असतं, काळा पाषाण ठणठणीत लागला की पहार टाकून विडी पेटवायची.

गंगेच्या मैदानात वाळूचा, गाळाचा शेकडो फूट जाड थर आहे, त्याच्या कणाकणांत पाणी. आपल्याकडे पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या पंधरा-वीस मीटरांत आणि खालच्या पाषाणातल्या चुकार भेगांत. हा फरक लक्षात घेतला नाही की पुढचं सगळं चुकतं. म्हणून एक हिशेब मांडतो. फळा नाही, बोटांवर होईल. एक हेक्टर जमीन घ्या, म्हणजे अडीच एकर. तिच्याखालचा एक मीटर जाडीचा भिजलेला मुरूम म्हणजे दहा हजार घनमीटर. त्यातून विहिरीत उतरेल असं पाणी शंभरात दोन. म्हणजे २०० घनमीटर, दोन लाख लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरच्या वीस खेपा. भिजलेला थर दहा मीटर जाड आहे असं उदार मनानं धरलं तर दोनशे टँकर. एका हेक्टराची ही अख्खी तिजोरी.

आता त्यावर ऊस लावा. एका हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. आपल्याकडे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो सगळाच्या सगळा उसाच्या मुळाशी गेला असं मानलं तरी पन्नास लाख लिटर होतात. उरले दीड कोटी, म्हणजे दीड हजार टँकर. तिजोरीत आहेत दोनशे. म्हणजे एका हेक्टरचा ऊस साडेसात हेक्टरांची तिजोरी रिकामी करतो. त्यातला एक हेक्टर उसाच्या मालकाचा. उरलेले साडेसहा कुणाचे?

पहिल्या रांगेतले काका मान हलवताहेत, ते 'ठिबक' म्हणणार हे मला कळलं. ठिबकनं पाणी वाचतं, खरं आहे. आणि वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षी आणखी एक एकर ऊस लागतो. हे मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही, बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे.

माझ्या आजोबांची विहीर चुलत्यांच्या सामाईकीत होती. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात 'विहिरीत चार आणे हिस्सा' अशी नोंद. चार आणे म्हणजे चार दिवसांत एक पाळी. चाकावर नाडा करकरायचा, सोंदूर ढिला पडला की थारोळ्यात धबकन पाणी पडायचं, बैल उलट्या पावली धाव चढून मागं यायचे. ऊन चढलं की बैल सोडत. बैल थांबले की विहिरीलाही दम मिळे. दुपारभर पाझर चढत राही. आतल्या दगडी बांधकामात एक चिरा जरा पुढं आलेला होता. पाणी त्या चिऱ्याखाली गेलं की आजोबा उन्हाळी भुईमुगाचं नाव काढत नसत. त्यांना कुणी भूजल व्यवस्थापन शिकवलेलं नव्हतं. बैलांच्या ताकदीपलीकडे उपसता येत नव्हतं आणि हिस्सेदार काठावर उभे होते, एवढंच.

हे सांगताना डोळे पुसायचं कारण नाही. त्याच विहिरीपासून दहा हातांवर गावकुसाबाहेरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असत, कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघत. आण्यांत हिस्सा मोजणाऱ्या कागदावर त्यांचा रकानाच नव्हता. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली सगळ्यांना खुला केला, आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. मधली जवळजवळ साठ वर्षं पाणी होतं तिथंच होतं. म्हणून पूर्वी पाणी सगळ्यांचं होतं असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, सगळे म्हणजे कोण कोण?

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या आशेनं तिच्यामागं. त्या काळात गावात बोअरची गाडी आली. हवेच्या दाबावर आपटत खाली जाणारा हातोडा, कानठळ्या बसवणारा कॉम्प्रेसर आणि भोकातून उसळणारी दगडाची भुकटी. आम्हा पोरांच्या भुवया राखाडी झाल्या होत्या. वडारी मंडळींना विहिरीला दोन उन्हाळे लागत, इथं एका दिवसात दीडशे फूट. पाणी उडालं तेव्हा लोकांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मी तिथंच ठरवलं की मोठेपणी या गाडीवर बसायचं. गाडीवर नाही बसलो, गाडी कुठं लावायची ते सांगणारा झालो.

त्या भोकावर हापसा बसला. पहिले हापसे बिडाचे, परदेशातल्या एखाद्या कुटुंबापुरते बनवलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते मोडून पडत. जालन्याला आणि सोलापूरला मिशनऱ्यांच्या कामातून दणकट पंप तयार झाले, आणि सोलापूरच्या नमुन्यावरून पुढं युनिसेफच्या मदतीनं सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हापसा घडला. तो पार आफ्रिकेपर्यंत गेला. सोलापूरची चादर जगाला ठाऊक आहे. सोलापूरचा हापसा सोलापूरकरांना तरी ठाऊक असावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

हापसा माणसाच्या दंडावर चालायचा, त्यामुळं त्यानं कुणाची विहीर आटवली नाही. नंतर तसल्याच भोकात वीज उतरली.

आता मी ज्यासाठी उभा आहे ते सांगतो. १९८६ सालचा मे महिना. नोकरीत रुळलो होतो. एका शेतकऱ्याच्या रानात मी यंत्र लावलं. चार लोखंडी सळया सरळ रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आतल्या दोन्हींमध्ये दाब मोजायचा. सळया लांब लांब नेत गेलं की खोलवरचा खडक विजेला किती अडवतो ते कळतं. ओला आणि भेगाळ खडक कमी अडवतो. लोक याला 'करंट देऊन बघणं' म्हणत. मी खूण केली, चुन्याची फुली मारली. दोनशे दहा फुटांवर दोन इंची पाणी लागलं. गुलाल उधळला. घरातल्या म्हाताऱ्यानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी मागं सरलो. खरं सांगायचं तर मनातून सुखावलो होतो.

पुढच्या फेब्रुवारीत एक बाई कचेरीत आल्या. साठीच्या असतील. डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी, म्हणजे दिवसभर थांबायच्या तयारीनं आलेल्या. बाकावर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सायेब, तुमच्या यंत्राला माझी हीर दिसली नव्हती व्हय?"

त्यांची विहीर त्या बोअरपासून बांधापलीकडे, पाऊणशे पावलांवर. चाळीस फूट खोल. वर्षानुवर्षं चैत्रापर्यंत पाणी टिकायचं, त्या साली संक्रांतीलाच तळ दिसला. मी नेहमीचं उत्तर दिलं: पाऊस कमी झाला. त्या म्हणाल्या, "पाऊस तर त्याच्यावर पडतो तसाच माझ्यावर पडतो. माझं चाळीस फुटावर, त्याचं दोनशेवर. मग माझं पानी त्याच्यात गेलं कसं?"

इतका नेमका प्रश्न मला विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेत कुणी विचारला नव्हता. मी कागद घेतला आणि आकृती काढली. मुरूम, मांजऱ्या, खाली काळा पाषाण, त्याच्या पोटात भेग. बोअरचं भोक हे सगळं छेदून गेलेलं. भोकाच्या वरच्या भागात केसिंगचा पाइप असतो, तो फक्त वीस फूट होता, तेवढ्याचेच पैसे होते. पाइपाखाली भोक उघडं. त्यांच्या विहिरीला पाणी देणारा मुरमाचा पाझर आता आडवा चालत त्या भोकाशी येत होता आणि आतल्या आत खालच्या भेगेत पडत होता. मोटर चालू असो वा बंद, भोकाला सुट्टी नव्हती. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, "म्हंजी घागरीला बुडाशी भोक."

"हो."

"मग बुजवा की."

बुजवता आलं असतं. पाइप खोल घालायचा, त्याच्याभोवती सिमेंट भरायचं. पण ते करायला कुणाला सांगायचं, कोणत्या अधिकारानं, कोणत्या खर्चातून? मी माझाच अहवाल काढून बघितला. गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, खडकाचा प्रकार, अपेक्षित खोली आणि शेवटी शिफारस: योग्य किंवा अयोग्य. शेजारी कुणाची विहीर आहे, किती खोल, किती लांब, याला रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून पाहिलं नाही. त्या विहिरीवरून मी दोनदा चालत गेलो होतो, तिच्या काठावर बसून डबाही खाल्ला होता.

आठवड्यानं मी त्या रानात गेलो. शेतकऱ्यानं चहा पाजला. तो वाईट माणूस नव्हता, मोटारीचं कर्ज डोक्यावर होतं. एवढंच म्हणाला, "साहेब, फुली तुम्हीच मारली होती." संध्याकाळी वीज गेली, मोटर बंद पडली. मी गुडघे टेकून बोअरच्या तोंडाला कान लावला. आत खोलवर पाणी पडत होतं. बारीक, न थांबता, अंधारात दगडावर आपटत. झऱ्याचा आवाज ऐकून माणसाला बरं वाटतं म्हणतात.

त्या दसऱ्यानंतर बाईंचा मुलगा आणि सून कोयता घेऊन ऊसतोडीला गेले.

या गोष्टीचा मी पुष्कळ वर्षं विचार केला. माझं विज्ञान चुकलं होतं का? नाही. दोनशे फुटांवर पाणी आहे म्हटलं, ते होतं. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न होता, 'कुठं लागेल?' 'कुणाचं जाईल?' हा प्रश्न विचारायची मुभा त्याच शास्त्रात, त्याच सळयांत, त्याच आकृतीत होती. शास्त्राला कोणता प्रश्न घालायचा हे मात्र फॉर्म छापणारा ठरवतो, आणि फॉर्म आपण सगळे मिळून छापतो. शास्त्रज्ञ नंतर म्हणतो, मी फक्त फॉर्म भरला. तीस-एक वर्षं मीही हेच म्हणत होतो.

आता पाणाड्यांविषयी दोन शब्द, कारण तरुणपणी मी त्यांची फार टर उडवली. तळहातावर आडवा नारळ ठेवून चालायचं, पाण्यावर आलं की नारळ उभा राहतो. कुणी इंग्रजी वाय अक्षरासारखी ओली फांदी धरतं. यात तथ्य आहे का? १९८० च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकजवळ एका कोठारात याची मोठी चाचणी झाली. खाली पाण्याचा पाइप सरकवत राहायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्यानं जागा सांगायची. शेकडो जणांतून निवडलेल्या ४३ जणांवर प्रयोग झाले, आणि पुढं त्या आकड्यांची काटेकोर छाननी झाली तेव्हा निष्कर्ष निघाला की अंदाजे ठोकलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. नारळाला पाणी कळत नाही. मुरूम जिथं जाड आहे तिथं चाळीस फुटांत काही ना काही लागतंच, आणि श्रेय नारळाला जातं. शेतकरी मात्र भोळा नसतो. एकानं मला सरळ सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही पण दाखवा, नारळवाला पण दाखवू दे. दोघांची फुली एका जागी आली तर पैसे घालतो." दोन साक्षीदार वेगवेगळे बसवून जबानी घेण्याची ही पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेत शोभली असती.

असाच एक म्हातारा पाणाड्या मी बराच वेळ लांबून न्याहाळला. नारळ शेवटी निघायचा. आधी तो उंबर, जांभूळ कुठं आहे ते बघे, ओढ्याचं वळण बघे. वारुळापाशी थांबे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखायचं एक अख्खं प्रकरण आहे, ते त्यानं वाचलेलं असण्याची सुतराम शक्यता नव्हती. आणि मग तो आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीत डोकावून येई. खडा टाकून आवाज घेई, मालकाला खोली विचारी. नारळ नाटकासाठी होता, डोकावणं कामासाठी. मी नारळाला हसलो आणि डोकावणं शिकायचं राहून गेलं. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सुचवलं होतं की पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करून झऱ्यांच्या जागा त्या त्या गावाच्या नकाशात नमूद कराव्यात. गावाच्या नकाशात. एकेका शेतकऱ्याच्या अर्जावर नाही. एकोणिसाव्या शतकात हे सुचलं होतं.

त्याच शतकातली दुसरी एक गंमत ऐका. फ्रान्समध्ये दिजों शहराला पाणी पुरवणारा आंरी दार्सी नावाचा इंजिनिअर होता. त्यानं उभ्या नळकांड्यात वाळू भरली, वरून पाणी सोडलं आणि खालून किती येतं ते मोजलं. पातळीतला फरक दुप्पट केला की झिरपणंही दुप्पट, वाळूचा थर दुप्पट लांब केला की निम्मं. शहरातल्या कारंज्यांवरच्या जाडजूड अहवालाच्या परिशिष्टात त्यानं हे १८५६ साली छापलं. आज जगभर भूजलाचा सगळा हिशेब या परिशिष्टावर उभा आहे. आणि पाचच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोच्या न्यायालयानं निकाल दिला की जमिनीखालच्या पाण्याची हालचाल इतकी गूढ आणि गुप्त असते की तिला कायद्याचा नियम लावणं अशक्य. इंग्लंडच्या न्यायालयानं १८४३ मध्येच शेजाऱ्याची विहीर आटवणाऱ्याला मोकळं सोडलं होतं. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आला तो याच वळणाचा: आपल्या जमिनीखालून झिरपणारं पाणी मालकानं हवं तेवढं उपसावं. शास्त्राला जे दिसू लागलं होतं ते न दिसण्यातच कायद्याची सोय होती. जे दिसत नाही ते वाटून द्यावं लागत नाही.

महाराष्ट्रानं १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरांत परवानगीशिवाय विहीर घेण्याला बंदी घातली. २००९ च्या कायद्यात शेतीसाठी साठ मीटरांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी आत्ताच ऐकून आलो: "सहाशेला ओल लागली, सातशेला बघू." कायदा आहे, गाडीही आहे, गाडी रात्री येते.

आणि आता तर न दिसण्याची सबबही उरलेली नाही. २००२ साली दोन जुळे उपग्रह आकाशात सोडले गेले. शास्त्रज्ञ त्यांना लाडानं टॉम आणि जेरी म्हणत. एकामागून एक, मध्ये सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर. खाली वस्तुमान जास्त असेल तिथं पुढचा जरा आधी ओढला जायचा, मग मागचा, आणि त्या अंतरातला केसाहून बारीक फरक मोजून पृथ्वीच्या पोटातलं पाणी वाढलं की घटलं ते कळायचं. २००२ ते २००८ या सहा वर्षांत राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून १०९ घनकिलोमीटर भूजल घटलं, हे त्यांनी वरून मोजलं. २०२३ मधल्या एका संशोधनाप्रमाणे १९९३ ते २०१० या काळात जगानं इतकं भूजल उपसून समुद्रात पोचवलं की पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव सुमारे ऐंशी सेंटिमीटर सरकला. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपला. तेव्हा गावातल्या कुणी विचारलं की आमच्या एका मोटारीनं असा काय फरक पडतो, तर सांगा, पृथ्वी कलंडली.

पण टॉम आणि जेरीला दोन शेजाऱ्यांमधला बांध दिसत नव्हता. तिथं माणूसच लागतो. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. यातला प्रत्येक नियम १८८२ च्या कायद्याच्या बरोबर उलट आहे हे तुमच्या लक्षात येईल. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केली, पावसाळा सरल्यावर पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडून मग पिकं ठरवली. आपण काय केलं? सहली काढल्या. दोन्ही गावांना मीही गाड्या भरभरून माणसं नेली आहेत. लोक बघतात, सरपंचांबरोबर फोटो काढतात, 'असा माणूस आमच्याकडे नाही' असा नि:श्वास टाकतात आणि परतीच्या वाटेवर रसवंतीला थांबतात.

शेततळ्यांवर बोलणार होतो, पण वेळ झाला. एकच सांगतो: पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला काढलेल्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरून बोअरचं पाणी भरायचं, आणि दीड-दोन मीटर पाणी वर्षाला उडून जाईल अशा उन्हात ते उघडं ठेवायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझ्या सरांनी बाकावर उभं केलं असतं.

आता कामाचं. कार्यवाहांशी बोलून आम्ही एक ठरवलं आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या अकरा विहिरी आणि सात बोअर यांची पातळी मोजायची, वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. शाळेची नववीची मुलं लिहून घेतील. वही मी आखून आणली आहे: तारीख, वेळ, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, मोटर शेवटी कधी चालली, आणि पाचवा रकाना, शेजारची विहीर कुणाची, किती पावलांवर, आणि तिच्यात आज काय. पहिली मोजणी उद्याच.

मुलांनी सकाळची वेळ धरली होती, ती मी बदलली आहे. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आहे. मोटारी पहाटेपर्यंत चालतात, त्यामुळं सकाळी मोजलं तर उपसलेली विहीर मोजल्यासारखं होईल. दिवसभर पाझर चढू द्यायचा आणि संध्याकाळी पाचला, वीज यायच्या आत, मोजायचं. दिवसा वीज आली तरी मोटर लावू नका, एवढी विनंती. टेप माझ्याकडे आहे. ज्यांच्या बोअर आहेत त्यांनी झाकण उघडायला चोवीस-सत्तावीसचा पाना घेऊन यावं, माझा गेल्या खेपेला विहिरीत पडला.